पोर्टाभोवतीचे ओरखडे

मी पोट भरते ते पिना घालून आणि काढून. तेवीस वर्षं झाली. नव्या माणसाला हे सांगितलं की तो हसतो, आणि मी हसत नाही हे पाहून गप्प बसतो. पण काम खरंच एवढंच आहे. आमच्या कंपनीत चार्जिंगच्या वायरींची टोकं तयार होतात: पिन, आणि ती जिच्यात जाते ती खोबण, म्हणजे पोर्ट. वरच्या मजल्यावरची मंडळी ती आखतात, खालचं यंत्र ती दहा हजार वेळा आत-बाहेर करून बघतं, आणि यंत्राचं समाधान झालं की ती माझ्या टेबलावर येतात. कारण यंत्र पिन नेहमी सरळच घालतं, त्याला दुसरा उद्योग नसतो. माणूस पिन घालतो ती एका हातात फोन धरून, चष्मा कपाळावर सरकवून, कपाटामागे हात खुपसून आणि डोक्यात भलताच विचार चालू असताना.

म्हणून माझ्या टेबलावर एक खोका आहे, पुढून काळं फडकं लावलेला. त्यात दोन्ही हात घालायचे आणि न बघता पिन बसवायची. वीस वेळा. वीसपैकी निदान अठरा वेळा ती पाच सेकंदांच्या आत बसली, तर पास. माझी पहिल्याच झटक्यात बसायची. आमचे लॅबप्रमुख पाहुण्यांना मुद्दाम माझ्या टेबलाशी आणून उभं करायचे आणि सांगायचे की या बाईंच्या बोटांना डोळे आहेत. मी वरवर ‘काहीतरीच हं’ म्हणायची. आतून फुगायची, खोटं कशाला बोलू?

गिऱ्हाइकांच्या तक्रारी यायच्या अधूनमधून. पिन जात नाही, उलटी लागते, दोन दिवसांत पोर्ट खिळखिळं झालं. चहाच्या वेळी त्या मोठ्यानं वाचून दाखवणं ही माझी हौस होती, आणि प्रत्येक तक्रारीनंतर माझं वाक्य ठरलेलं: नाचता येईना, अंगण वाकडं. सगळे हसायचे. कुणाला उलट पिन कशी लागू शकते हे मला खरोखरच कळत नसे.

माझा दादा माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. सुतार. आईबाप लवकर गेले, तेव्हा त्यानंच मला वाढवलं, शाळेत घातलं, नोकरीला लागेपर्यंत स्वतः फाटक्या चपला घालून मला नव्या आणल्या. आता तो थकलाय. डोळ्यांचं ऑपरेशन होऊनही समोर धुकं राहिलंय आणि उजवा हात कापतो. वहिनी गेल्यापासून आमच्याच रस्त्याच्या टोकाला दोन खोल्यांत एकटा राहतो. पुढच्या खोलीत झोपतो, मागच्या खोलीत त्याचं कामाचं बाक, रंधे, पटाशा. काम आता होत नाही, पण रोज सकाळी एकेक हत्यार पुसतो आणि जागच्या जागी ठेवतो. त्या खोल्या म्हणजे त्याचा जीव आहे.

गेल्या वर्षी आमच्या कंपनीनं गळ्यात घालायच्या एका बटणाचं पोर्ट केलं. बिस्किटाएवढं, मागून चपटं आणि पुढून जरा फुगीर बटण. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसानं ते घालायचं, आणि पडलं-झडलं तर दाबायचं, की घरच्यांच्या फोनवर निरोप जातो. दर दोन दिवसांनी चार्ज करावं लागतं. खालच्या कडेला इवलंसं पोर्ट, एक बाजू रुंद, एक अरुंद, त्यामुळे पिन एकाच अंगानं आत जाते. मी ते वीसपैकी वीस वेळा पास केलं. माझी सही आहे त्या कागदावर. पहिल्या खेपेतलं एक बटण मी दादासाठी घेतलं आणि त्याच्या गळ्यात घालताना ऐटीत म्हटलं की हे माझ्या हाताखालून गेलंय, तू डोळे मिटून वापर. त्यानं ते फिरवून फिरवून पाहिलं आणि बारीक काम आहे एवढंच म्हणाला.

बटणाचे निरोप माझ्या भाचीच्या, म्हणजे दादाच्या मुलीच्या फोनवर जायचे. ती इथून तीन तासांवर दुसऱ्या शहरात असते. पहिल्या महिन्यापासूनच तिला निरोप येऊ लागले: बॅटरी संपली. बुधवारी आणि शनिवारी मी दादाकडे जायची आणि स्वतः बटण चार्जिंगला लावायची. मधल्या दिवसांत मात्र ते आठवड्यातून दोनदा तरी मरून पडलेलं असे. विचारलं की दादाचं एकच उत्तर, “विसरलो गं.” मी त्याच्या कपाटावर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी चिकटवली. गजराचं घड्याळ आणून दिलं. गजर वाजायचा, चिठ्ठी लटकायची, आणि तरी तो विसरायचा. मग मी चिडायला लागले. तेवढं एक काम होत नाही का तुझ्याच्यानं, असं एकदा मी त्याला शेजाऱ्यांसमोर बोलले. ते मला आजही आठवतं आणि आजही लाज वाटते.

मग पाचव्या महिन्यात एका मंगळवारी तो बाथरूममध्ये घसरला. बटण गळ्यात होतं, पण मेलेलं. नळाचं पाणी वाहतंय म्हणून खालच्या मजल्यावरच्या बाईंनी येऊन दार वाजवलं, तोवर दीड तास तो ओल्या फरशीवर पडून होता. हाड मोडलं नाही हे नशीब. डॉक्टरांनी खांदा पाहिला आणि विसरण्याचं ऐकून त्याला चार प्रश्न विचारले: आज वार कोणता, शंभरातून सात गेले किती. घाबरलेला माणूस काय सांगणार? दोन उत्तरं चुकली. भाचीनं माझ्याशी फोनवर बोलून ठरवलं की बाबांना आपल्याकडे न्यायचं, खोल्या सोडायच्या, हत्यारं कुणा कामाच्या माणसाला देऊन टाकायची. पुढच्या रविवारी ती गाडी घेऊन येणार होती. मी हो म्हटलं. दादाला विचारलं तर तोही हो म्हणाला, आणि मला ते त्याचं डोकं चालेनासं झाल्याचं लक्षण वाटलं.

शनिवारी मी सामान बांधायला गेले. दादा मागच्या खोलीत पटाशा पुसत बसला होता. मी सवयीनं आधी बटण हातात घेतलं आणि पिन लावली. लागली, माझी लागायचीच. तेवढ्यात खिडकीतून ऊन बटणाच्या कडेवर पडलं आणि मला पोर्टाचं तोंड दिसलं.

माझ्या पर्समध्ये कंगवा नसेल, भिंग असतंच. परत आलेला माल तपासताना आम्ही पोर्टाभोवतीचे ओरखडे वाचतो. पिन उलटी लावली तर अरुंद बाजूच्या ओठावर दोन ठेचा उमटतात. तिरकी लावली तर कडेला लांब रेघ उठते. ताजा ओरखडा चमकतो, जुन्यात मळ बसतो. वापरलेल्या पोर्टाभोवती पाच-पंचवीस ओरखडे असतातच. दादाच्या पोर्टाभोवती प्लॅस्टिकचा मूळ गुळगुळीतपणा कुठे उरलाच नव्हता. रेघांवर रेघा, ठेचांवर ठेचा, तळाशी काळवंडलेल्या, वर चमकणाऱ्या. मी मोजायला लागले आणि तीनशेच्या पुढे मोजणं सोडून दिलं. काही रेघा नागमोडी होत्या, कापऱ्या हाताच्या.

विसरणाऱ्या माणसाच्या घरातल्या वस्तूवर असे ओरखडे नसतात. पाच महिने हा माणूस रोज, बहुतेक दिवसातून दोन-तीनदा, ही पिन घालायला बघत होता.

मी मागच्या खोलीत गेले आणि त्याच्यासमोर बटण धरलं.

“दादा, तू हे रोज लावत होतास?”

तो पटाशी पुसत राहिला.

“बसत नाही गं ती,” तो म्हणाला. “कधी एखादवेळी बसते. बहुतेक वेळा नाही.”

“मग विसरलो, विसरलो काय म्हणत होतास?”

त्यानं पटाशी जागेवर ठेवली. फडक्याची घडी केली.

“विसरलो म्हटलं की सगळे माझ्यावर चिडतात. बसत नाही म्हटलं असतं, तर तुझ्यावर चिडले असते. तू पास केलेलं ना ते, ठमे.”

ठमी हे माझं लहानपणचं नाव. ते म्हणणारा आता तो एकटाच आहे. मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. मी त्याला काय काय बोलले: दीड तास गारठत पडलास, घरदार सोडायला निघालास, वेडा ठरायला तयार झालास, आणि कशासाठी, तर माझ्या सहीसाठी? त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाला की तेवढंच नव्हतं. जन्मभर खाचांत खुंट्या बसवल्या त्यानं, डोळे झाकून, आणि एवढीशी पिन बसेना, हे सांगायचं कुणाला? माझ्या बोटांना डोळे आहेत हे तर मीच त्याला पन्नासदा ऐकवलं होतं. त्याला वाटलं, दोष आपल्याच हाताचा.

थोड्या वेळानं त्यानं बटण मागून घेतलं आणि पोर्टाच्या तोंडावरून नख फिरवलं. तोंडाला उतार नाही, म्हणाला. खुंटी ठोकायच्या आधी तिचं टोक थोडं तासतात, खाचेच्या तोंडालाही थोडा उतार देतात, म्हणजे नेम जरा चुकला तरी ती आपोआप आत घसरते. हे त्यानं मला दहाव्या वर्षी शिकवलं होतं. पाच महिने हे त्याला माहीत होतं आणि तो बोलला नव्हता.

सामान बांधायचं राहिलं. दुपारभर आम्ही दोघांनी एक लाकडी ठोकळा केला. मापं त्यानं सांगितली, उजव्या हातावर डावा दाबून धरत पेन्सिलच्या रेघाही त्यानंच मारल्या. पटाशी मी चालवली, म्हणजे दोन तुकडे वाया घालवले आणि अंगठा कापून घेतला. ठोकळ्यात वरून रुंद आणि खाली निमुळतं होत जाणारं एक खोल घर, त्याच्या तळाशी पिन उभी आणि पक्की बसवलेली. बटणाची फुगीर बाजू जाण्यासाठी घराला पुढून एक खाच, म्हणजे उलट घालू म्हटलं तरी घालता येणार नाही. दादानं बटण वरून सोडलं, ते घसरत खाली गेलं, टक् आवाज झाला आणि दिवा लागला. मी त्याच्याकडून वीस वेळा करून घेतलं. एकोणीस वेळा दिवा लागला. दिसायला ठोकळा इतका बोजड की दादा त्याच्याकडे पाहून म्हणाला, हा मी केला असं कुणाला सांगू नकोस.

रविवारी भाची आली ती रिकामी खोकी घेऊनच. मी तिला चहासुद्धा न देता खिडकीशी बसवलं आणि हातात भिंग दिलं. ती हुशार आहे, पण तापट. आत्यावर गेली आहे म्हणतात. आधी तिला वाटलं की मी बापलेकीच्या मध्ये काहीतरी खेळ मांडते आहे. मग तिनं बराच वेळ पाहिलं. भिंग खाली ठेवून वायर उचलली, डोळे मिटले आणि स्वतः पिन घालायला गेली. चार वेळा अडली, पाचव्यांदा गेली.

“आत्या, तुला हे जमतं?” तिनं विचारलं.

“मला जमतं. तीच तर भानगड आहे,” मी म्हटलं.

हे वाक्य माझ्या तोंडून गेलं आणि माझं मलाच कळलं की मी काय बोलले. भाची उठून दादाजवळ जाऊन बसली. दोघं काय बोलली ते मी ऐकलं नाही, चहाच्या निमित्तानं आत थांबले. बाहेर आले तेव्हा ती नाक पुसत होती आणि दादा तिला ठोकळा दाखवत होता. एक महिना बघू, ती म्हणाली. महिनाभरात बॅटरी संपल्याचा एकही निरोप आला नाही तर बाबा इथेच राहतील. खोकी ती तशीच गाडीत घेऊन गेली.

सोमवारी माझ्या टेबलावर त्याच पोर्टाच्या दुसऱ्या खेपेचा कागद सहीसाठी येऊन पडला होता. ऐंशी हजार नग. ते पोर्ट जिनं आखलं ती मुलगी वरच्या मजल्यावर बसते. आम्ही तिला नकाशेवाली म्हणतो. मी तिला बोलावलं आणि खोक्याच्या आत फोन बसवून माझ्या हातांचं चित्रीकरण करायला सांगितलं. वीस वेळा पिन घातली, वीस वेळा बसली. मग आम्ही दोघींनी ते हळू करून पाहिलं. पिन पोर्टाजवळ नेण्याआधी प्रत्येक वेळी माझा अंगठा तिच्या पाठीवरून फिरत होता. पिन निसटू नये म्हणून तिच्या एका अंगाला दोन बारीक दात असतात. अंगठ्याला दात लागले नाहीत की बोटं पिन उलटी करत होती. निमिषभरात. विसाव्या खेपेपर्यंत एकदाही चुकली नाहीत, आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. तेवीस वर्षांत माझ्या हातांनी हे आपलं आपण शिकून घेतलं होतं आणि मला सांगितलं नव्हतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

लॅबप्रमुखांना दाखवलं तर ते खूशच झाले. म्हणाले, बघा, मी म्हणत नव्हतो? बोटांना डोळे आहेत.

“माझ्या बोटांना आहेत, साहेब,” मी म्हटलं. “गिऱ्हाइकाच्या बोटांना नाहीत. माझे हात चांगले आहेत म्हणूनच हा निकाल खोटा आहे.”

ते समजवायला लागले. एका म्हाताऱ्याच्या कापऱ्या हातावरून ऐंशी हजार नग अडवायचे का, आणि माझी जुनी सही चूक ठरली तर बाकीच्या तेवीस वर्षांच्या सह्यांचं काय. या दुसऱ्या प्रश्नानं मला आदल्या रात्री झोपू दिलं नव्हतं. मी तक्रारींची फाइल काढून आणली होती. चहाच्या वेळी ज्यांना हसलो ती सगळी माणसं त्यात होती. एकानं लिहिलं होतं, मी मूर्ख नाही, तरी मला हे जमत नाही. त्यांचं नाचणं ठीक होतं, अंगणच वाकडं होतं आणि ते मी सपाट म्हणून पास केलेलं होतं. मी नव्या कागदावर नापास लिहिलं, जुन्या सहीवर रेघ मारली, आणि शेऱ्याच्या जागी लिहिलं: चाचणी करणारीचा हात सवयीचा झाला आहे, तिचा निकाल धरू नये.

माल अडकला. लॅबप्रमुख आठ दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलले. खोका माझ्याकडून गेला. मला आता परत आलेल्या मालाचे ओरखडे वाचायला बसवलंय. वाईट वाटलं, नाही कशाला म्हणू? ज्या एका गोष्टीसाठी लोक मला ओळखत होते ती गेली. खोक्यासाठी मात्र मी हट्टानं नवीन नियम करून घेतला: खोक्यात हात घालणारा माणूस बाहेरचा असेल, दर वेळी वेगळा असेल, आणि एकदा बसलेल्याला पुन्हा बसवायचं नाही. हातांचा भरवसा नाही, ते शिकतात.

नकाशेवालीनं तीन महिने खपून नवं पोर्ट आखलं. तोंडाला चांगला उतार, पिन दोन्ही अंगांनी जाणारी. पहिला माणूस म्हणून मी दादाला आणलं. त्याच्या महिन्याचे तोवर तीन महिने झाले होते, आणि भाचीला एकच निरोप गेला होता, तोही वीज गेल्यामुळे. तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. सगळे भोवती उभे राहिले आणि त्यानं काळ्या फडक्यामागे हात घातले.

पहिल्या बारा वेळा पिन गेली. तेराव्यांदा अडली. मी घड्याळ पाहत होते. पाच सेकंद झाले, सहा, सात. दादानं मान वर करून नकाशेवालीकडे पाहिलं. ती पोर नखं खात उभी होती. तिचं पोर्ट होतं ते, तीन महिन्यांचं काम. दादाच्या चेहऱ्यावर तोच भाव आला जो मी पाच महिने पाहिला होता आणि ओळखला नव्हता. तो आता काहीतरी गोड खोटं बोलणार होता.

“दादा,” मी म्हटलं, “विसरलो म्हणायचं नाही हं.”

तो हसला. मग फडक्यामागून हात बाहेर काढून टेबलावर ठेवले, कापत होते तसेच, सगळ्यांसमोर.

“बसत नाही,” तो म्हणाला, मागच्या माणसालाही ऐकू जाईल असं. मी ते तसंच्या तसं लिहून घेतलं.